पुढून ओढणारी पांढुर्ण्याची, मागून ढकलणारी सौंसरची

पांढुर्णा

पांढुर्ण्याच्या प्रमोदने मला बोलावलं ते त्याच्या बहिणीला गाडी विकायला सांगण्यासाठी.

मी पुण्यात मोटारींच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर होतो. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून एका साप्ताहिकात गाड्यांवर सदर लिहितो. वाचक प्रश्न विचारतात, मी चार-सहा ओळींत उत्तर देतो. प्रमोद त्यातला जुना वाचक. त्याने लिहिलं होतं की घरात दोन स्पोर्ट सेडान आहेत, एक त्याची, पुढच्या चाकांना ताकद देणारी. दुसरी सौंसरला राहणाऱ्या मोठ्या बहिणीची, मागच्या चाकांना ताकद देणारी. पावसाळ्यात बहिणीची गाडी घसरली, आई सोबत होती, आईच्या खांद्याचं हाड मोडलं. 'ताई माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. दोन्ही गाड्या चालवून पाहा आणि कोणती चांगली ते तिला तोंडावर सांगा.'

बायको म्हणाली, "एक वाक्य सांगायला इतक्या लांब?" पण मला जायचं होतं. खरं सांगायचं तर कोणीतरी आपल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावतंय याचं या वयात बरं वाटतं. दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी नागपूरहून गाडी धरून मी पांढुर्ण्याला उतरलो.

प्रमोद फलाटावरच उभा होता. चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. बाजारात त्याचं बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. माझी बॅग त्याने हातातून काढूनच घेतली. बाहेर त्याने एका ऑटोवाल्याला हिंदीत बाजूला व्हायला सांगितलं आणि ऑटोवाल्याने मराठीत उत्तर दिलं, "सरकून राहिलो ना बापा, थांब की जरा."

मी म्हटलं, "हे मध्य प्रदेश ना?"

"कागदावर, सर. ऑफिसात हिंदी, घरात मराठी. भांडण दोन्हीत."

त्याची गाडी पांढरी, चार वर्षांची, धुऊन पुसून आणलेली. मला चावी देत तो म्हणाला, "तुम्हीच चालवा. मी काही बोलत नाही."

पण बोलला. गावातून बाहेर पडेपर्यंत गाडीचे सगळे गुण त्याने सांगून टाकले. आणि ते खोटे नव्हते. पुढून ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवं, पुढच्या चाकांच्या वरच बसवलेलं असतं. त्यामुळे नाक थोडं लांब, चाकांच्या पुढे लोंबल्यासारखं दिसतं. बाजूने पाहिलं की गाडी जरा पुढे झुकलेली वाटते. पण त्या बदल्यात आत जागा मिळते. मागच्या सीटसमोरची जमीन सपाट, तीन माणसं आरामात बसतात, डिकीत संत्र्यांचे दोन क्रेट सहज मावतात. मोकळ्या रस्त्यावर मी गाडी जोरात दाबली तेव्हा स्टिअरिंगने हाताला किंचित हिसका दिला. ओढायचं आणि वळायचं, दोन्ही कामं त्याच दोन चाकांकडे असली की असं होतं. वळणावर जास्त वेग घेतला तर नाक बाहेरच्या बाजूला जायला बघतं. पाय हलका केला की परत आत येतं. कुणालाही सांभाळता येईल अशी, समजूतदार गाडी. बाजूच्या पांदणीत, शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, घातली तेव्हा काळ्या मातीच्या ढेकळांतूनही ती स्वतःला ओढत घेऊन आली.

"पाह्यलं ना?" प्रमोद म्हणाला. "हेच ताईले सांगा."

घरी त्याच्या बायकोने गोळाभात केला होता. भातात डाळीचे गोळे, वरून लसणाचं कढत तेल. पुण्यात हा भात मी एकदाच, नागपूरच्या शेजाऱ्यांकडे खाल्ला होता आणि तेल अर्धंच घेतलं होतं. इथे अर्ध्यावर सुटका नव्हती. दिवाणखान्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत प्रमोदची आई, सुमनबाई. बारीक, ताठ बसणाऱ्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. मी नमस्कार केला. त्यांनी "जय भीम" म्हणत डावा हात वर केला. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.

"पुण्याहून गाडी पाह्याले आले?" त्यांनी विचारलं.

"दोन गाड्या पाहायला."

"पाहा मंग. माणसं बी पाहा."

जेवताना एकेक कळत गेलं. अपघातापर्यंत सुमनबाई सौंसरला मुलीकडे राहत होत्या. वीस वर्षं. मुलगी, कल्पना, बोरगावच्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, लग्न केलेलं नाही. हाड बसवल्यावर प्रमोद आईला पांढुर्ण्याला घेऊन आला आणि त्याने एक अट घातली: ती गाडी घरात आहे तोवर आई सौंसरला जाणार नाही. कल्पनाने गाडी विकली नाही. चालवलीही नाही. दुरुस्त करून आणली, अंगणात उभी केली, वर कव्हर टाकलं आणि शाळेत बसने जायला लागली.

म्हणजे मी जे वाक्य बोलायला आलो होतो, त्यावर आई कुठे राहणार हे ठरणार होतं. हे त्याने पत्रात लिहिलं नव्हतं.

सौंसर

शनिवारी सकाळी मी आणि प्रमोद निघालो. तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मधेच संत्र्यांच्या बागा, झाडांना बांबूचे टेकू दिलेले. आईने कल्पनासाठी डबा दिला होता. तो प्रमोदने डिकीत न ठेवता माझ्या मांडीवर दिला. "सांडला तं माह्या नावानं ओरडते," म्हणाला.

जामसांवलीच्या हनुमानाकडे जाणारा रस्ता फुटतो त्याच्या थोडं अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. साधं वळण होतं, उजवीकडे जाणारं. शनिवार असल्यामुळे दर्शनाला निघालेल्या मोटारसायकली आणि जीपा भरभरून जात होत्या.

"इथंच," तो म्हणाला. "पाऊस सुरू होता. ताई म्हणते, पन्नासच्या वर नव्हते. वळली, आणि गाडीची शेपटीच निघाली. पूर्ण फिरून त्या बाभळीवर मागून आदळली. आई मागं बसली होती." त्याने ती बाभूळ बोटाने दाखवली. "मी फोनवर ताईचा आवाज ऐकला ना सर, ओळखू नाही आला मले."

त्याचा राग मला तोवर हट्ट वाटत होता. तिथे उभं राहिल्यावर तसा वाटला नाही.

सौंसरला कल्पनाताईंचं घर बसस्टँडपासून आत, दोन खोल्या आणि पुढे अंगण. त्या दारातच होत्या. पंचेचाळीसच्या आसपास, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं शाळेत तासून प्रमाण झालेलं, पण भावाशी बोलताना आपोआप घरचं होणारं. त्यांनी मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "सर, निकाल घेऊन आलात की बघून देणार?"

"बघून."

"मग बघा." आणि त्यांनी स्वतः कव्हर ओढून काढलं.

गाड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसालाही क्षणभर गप्प करतात अशा काही गाड्या असतात. ही गडद निळी होती, दहा-एक वर्षांची, नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. मागून ढकलणाऱ्या गाडीत इंजिन उभं आणि मागे सरकवून बसवतात, म्हणून पुढची चाकं अगदी नाकाशी जातात. बॉनेट लांब, बसायची जागा मागे, सगळा भार मागच्या चाकांवर रेलल्यासारखा. प्रमोदची गाडी शेजारीच उभी होती. तीही देखणीच; पण दोघींना एका नजरेत पाहिलं की पांढरी कामाला निघालेली वाटायची आणि निळी उभ्याउभ्याच धावतेय असं वाटायचं.

"तुम्ही ही का घेतलीत?" मी विचारलं. मला वाटलं, फिजिक्सच्या शिक्षिका, वजनाची विभागणी वगैरे सांगतील.

"दिसायला आवडली," त्या म्हणाल्या. "लोक काहीतरी कारण देतात ना, मायलेज, सुरक्षा. मी दिलं नाही. शाळेच्या फाटकातून आत येताना पोरी वळून बघायच्या. एकीनं विचारलं, मॅडम, टीचर झाल्यावर अशी गाडी घेता येते का? मी म्हटलं, येते."

प्रमोद म्हणाला, "दिसण्याच्या पायी आईचा खांदा गेला."

 कल्पनाताई कव्हरची घडी घालत राहिल्या.

मी गाडीभोवती फिरायला लागलो. मागचं दार आणि त्याच्या मागचा पत्रा नागपूरला नीट बसवून रंगवलेला होता. मग सवयीने खाली वाकून चाकं पाहिली. पुढचे दोन टायर जवळपास नवे, खाचा खोल. मागचे दोन पार झिजलेले. आतल्या कडेला बोट फिरवलं तर गुळगुळीत. चारही चाकांचा आकार एकच होता, म्हणजे कुठलाही टायर कुठेही घालता आला असता.

"हे टायर कधी बदलले?"

"पावसाळ्याच्या तोंडावर," प्रमोद म्हणाला. "चारही झिजले होते. ताईनं दोनच आता घेऊ म्हटलं, दोन दिवाळीले. मीच बसवून आणले. त्या टायरवाल्यानं विचारलं, कुठी घालू? मी म्हटलं, पुढं. सर, तुम्हीच तर लिहिलं होतं."

त्याने फोन काढला. माझ्या सदराची कात्रणं तो फोटो काढून ठेवतो. बोट सरकवत त्याने ते शोधलं आणि अभिमानाने माझ्यासमोर धरलं. वाचकाचा प्रश्न: दोनच नवे टायर घेतले तर कुठे घालावेत? माझं उत्तर चार ओळींचं. 'पुढे घालावेत. वळण्याचं आणि ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, तेव्हा चांगलं रबर तिथे हवं.' खाली माझं नाव.

हे मी लिहिलं होतं. वर्कशॉपमध्ये मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते असंच सांगायचे. नंतर वर्कशॉपमध्येच, एका प्रशिक्षणात, आम्हाला ओल्या रस्त्यावर दाखवलं होतं की हे उलटं आहे. नवे टायर नेहमी मागे घालायचे, ताकद कुठल्याही चाकांना जात असो. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं. ते शिकल्यावर मी वर्कशॉपमधल्या मुलांना लगेच सांगितलं. सदरातलं जुनं उत्तर दुरुस्त करायला हवं हे मनात आलं होतं. मग पुढचा आठवडा आला, नवे प्रश्न आले, राहून गेलं.

कल्पनाताई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. "काय झालं, सर?"

"उद्या चालवून बघतो, मग बोलतो," मी म्हणालो.

बघायचं असं काही उरलं नव्हतं. मला फक्त एक दिवस हवा होता. त्या दुपारी ताईंनी वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली, वर हिरव्या मिरच्यांचा ठेचा. मी खाल्लं, छान झालंय म्हणालो आणि चव कशाचीच लागली नाही. परतताना प्रमोद गाणी लावून चालवत होता. बहिणीची गाडी आता विकली जाणार याची त्याला खात्री झाली होती, असं मला वाटतं.

लेआउट

रविवारी सकाळी प्रमोद आणि मी निघताना सुमनबाई पायात चप्पल घालून दारात उभ्या होत्या.

"मी येतो," त्या म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी मला ते चुकल्यासारखं वाटलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यात जोर वाटायला लागला.

"आई, खांदा..." प्रमोद सुरू झाला.

"खांदा मी सोबत घेऊन येतो."

सौंसरच्या बाहेर, बोरगावच्या बाजूला एक लेआउट पडला आहे. प्लॉट पाडलेले, सिमेंटचे रस्ते केलेले, पण घर एकही नाही. विजेचे खांबही अजून उभे केलेले नाहीत. कल्पनाताईंचा एक जुना विद्यार्थी बागांना टँकरने पाणी पुरवतो. त्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्याने दोन रस्ते मिळतात तिथलं मोठं वळण धुतल्यासारखं ओलं केलं. निळी मी घरून चालवत आणली होती. सुमनबाईंना कडुनिंबाखाली खुर्ची दिली. मी दोन्ही गाड्यांत घसरण सावरणारी यंत्रणा बटण दाबून बंद केली, म्हणजे गाडी खरं काय करते ते दिसेल; गुळगुळीत टायरवर तीही गाडी पूर्ण सावरू शकत नाही.

आधी कोरड्या रस्त्यावर दोन्ही गाड्या आळीपाळीने चालवल्या. इथे मला वाचकांना प्रामाणिकपणे सांगायला हवं की निळी गाडी चालवताना मी थोडा वेळ सगळं विसरलो. स्टिअरिंग स्वच्छ, हाताला कुठलीही ओढाताण नाही. वळणाच्या मध्यावर पायाने थोडी ताकद दिली की गाडी मागून हळूच ढकलत बाहेर काढते, जशी कोणी पाठीवर तळहात ठेवून पुढे करावं. पांढरीत वळणातून बाहेर यायला वाट पाहावी लागते. मागे बसायचं असेल तर मात्र पांढरीच बरी. निळीच्या मागच्या सीटच्या मध्ये जमिनीला उंचवटा आहे आणि तिसऱ्या माणसाचे पाय कुठेच जात नाहीत.

मग ओल्यावर. निळी घेऊन मी पस्तीसच्या वेगाने वळलो. पाय अगदी थोडा दाबला, आणि मागचा भाग आवाजही न करता बाहेर गेला. मला माहीत होतं, हात तयार होते, तरी गाडी अर्धी फिरलीच.  त्या दिवशी माझ्या जागी पावसात, आईला मागे बसवून, बेसावध असलेली बाई होती.

मी उतरलो. कल्पनाताईंचा चेहरा उतरला होता. प्रमोद म्हणाला, "आता तं पटलं? सरांनाही नाही झेपली. थांब, तुले दाखवतो माही कशी जाते."

तो आपल्या गाडीत बसला. त्याने काच वर केली आणि गाडी मागे घेतली तेव्हा माझं लक्ष तिच्या मागच्या टायरकडे गेलं. पुढे नवे, मागे जुने. अर्थात. तो माझा नियमित वाचक होता.

"प्रमोद, थांबा!" मी ओरडलो. "मागचे टायर..."

त्याने हात हलवला. आतून त्याला वाटलं असणार, मी शाबासकी देतोय. चाळीसच्या आसपास वेग असेल. गाडी वळणात शिरली, नाक जरा बाहेर गेलं, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच त्याने केलं: घाबरून पाय काढला. भार पुढे आला, मागची चाकं हलकी झाली आणि त्याची ती समजूतदार, पुढून ओढणारी गाडी पूर्ण एक चक्कर फिरली. सिमेंटवरून उतरून गवतात गेली आणि तोंड आमच्याकडे करून थांबली. इंजिन बंद पडलं.

 टँकरवाला पळत निघाला होता; प्रमोदने दार उघडलं तसा तो थांबला. प्रमोदला लागलं नव्हतं. पण तो उतरला आणि दाराला धरूनच उभा राहिला. 

सुमनबाई खुर्चीतून उठल्या. गवतातून चालत त्याच्यापर्यंत गेल्या. डाव्या हाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग म्हणाल्या, "झालं? आता समजलं का तुले, तिचा हात वाईट नोयता म्हणून?"

मला याहून चांगली संधी मिळणार नव्हती आणि याहून वाईटही. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. आधी पांढरीचे, मग निळीचे टायर दाखवले. मागे झिजलेले असले की काय होतं ते सांगितलं. मग म्हटलं, "प्रमोदने हे स्वतःच्या मनाने केलं नाही. मी लिहिलं होतं. मी लिहिलेलं चूक होतं. ते चूक आहे हे मला नंतर कळलंही होतं, पण मी दुरुस्त केलं नाही. काल इथे पाहिल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, तरी मी काल बोललो नाही."

प्रमोद माझ्याकडे नाही, बहिणीकडे पाहत होता. "म्हणजे ते मी केलं," तो म्हणाला. "ताई, तीन महिने मी तुले बोलून राहिलो. लोकांसमोर बोललो. आईले घेऊन गेलो."

मला वाटलं होतं, कल्पनाताई सुटल्यासारख्या रडतील. त्या चिडल्या. आधी स्वतःवरच. "मी घर्षण शिकवते, प्रमोद. दरवर्षी शिकवते. फळ्यावर टायर काढते. आणि स्वतःच्या गाडीचे टायर मी वाकून पाहिले नाहीत. सगळ्यांनी म्हटलं मला झेपत नाही, तर मीही मान्य केलं. मला वाटलं, दिसण्याच्या मागे लागले म्हणून असं झालं. मला ती शिक्षा वाटली." मग त्या माझ्याकडे वळल्या. वर्गात चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे शिक्षक बघतात तसं नव्हे, त्याहून शांत. "सर, चूक दुरुस्त करायला तुम्हाला किती जागा देतात?"

"उत्तराला असते तितकीच. चार ओळी."

"पुरतील?"

"नाही," मी म्हणालो. "जास्त मागून घेईन. नाही दिली तर सदर बंद करीन."

"सदर कशाला बंद करता?" सुमनबाई मधेच म्हणाल्या. "मंग लोकाईले कोण सांगन? चुकलं तं चुकलं म्हणून लिहा. इतक्या दूर येऊन तोंडानं सांगितलं ना, आता हातानं लिहा."

पुढचा तासभर आम्ही तिघं गुडघ्यावर होतो. दोन्ही गाड्यांतले जॅक काढले. प्रमोदने नट ढिले केले, मी चाकं काढून दिली, ताईंनी ढकलत इकडची तिकडे नेली. आधी निळीचे पुढचे मागे, मागचे पुढे; मग पांढरीचेही तसेच. टँकरवाल्याने राहिलेलं पाणी ओतलं.

"तुम्ही चालवा," मी ताईंना म्हटलं.

त्यांनी हात साडीच्या पदराला पुसले, बसल्या, सीट पुढे घेतली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पहिल्या फेरीत वीसच्या पुढे गेल्या नाहीत. दुसरीत तीस. तिसरीत पस्तीस झाले, नाक थोडं बाहेर गेलं, त्यांनी पाय हलका केला आणि गाडी रेषेवर आली. मागचा भाग जागचा हलला नाही. त्या थांबल्या नाहीत. चौथी, पाचवी, मग मी मोजायचं सोडलं. प्रमोद माझ्या शेजारी हात काळे करून उभा होता. एकदम म्हणाला, "दिसते पण भारी ना, सर?" आणि तोंड फिरवून डोळे पुसले. हाताचं काळं सगळं गालाला लागलं.

हे टायर काही कायमचे नव्हते. सोमवारी चारही गुळगुळीत टायर काढायचे, दोन्ही गाड्यांचे, हे तिथेच ठरलं, आणि नवे येईपर्यंत ओल्या रस्त्यावर कोणी गाडी काढायची नाही हेही. दिवस कोरडा होता. निघायची वेळ झाली तेव्हा प्रमोदने आईसाठी पांढरीचं दार उघडलं. सुमनबाई दारापर्यंत आल्या, आतली आपली पिशवी घेतली आणि निळीकडे चालू लागल्या.

"आई, तुझे कपडे तं पांढुर्ण्याले आहेत," प्रमोद म्हणाला.

"आणून देजो," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मग तो मला नागपूरच्या बसला सोडायला आला. बस लागली तेव्हा त्याने संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी घेईना, तेव्हा म्हणाला, "घ्या ना जी. मी काही तुमच्यावर रागावलो नाही. पण ते छापून आलं की पहिला अंक माह्याकडे पाठवा."

पुण्यात

संपादकांनी अर्धं पान दिलं. मी मथळ्यातच 'माझी चूक' असं लिहिलं, टायर मागे का घालायचे ते चित्रासह समजावलं आणि त्या उत्तरामुळे एका घरात काय झालं तेही, नावं न घेता, सांगितलं. त्यानंतर आलेली पत्रं मी अजून वाचतोय. बऱ्याच जणांचे नवे टायर पुढे आहेत. काहींनी रागाने लिहिलं आहे. त्यांना मी एकेकाला उत्तर देतो आहे.

दोन गाड्यांतली कोणती चांगली, हे विचारणारेही आहेत. तर माझं मत असं: चार माणसं, सामान, खराब रस्ता असेल तर पुढून ओढणारी घ्या. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर जायचं असेल आणि गाडीकडे वळून बघायला आवडत असेल तर मागून ढकलणारी घ्या. आणि आवडली म्हणून घेतली तर तसं सांगायला लाजू नका.

जानेवारीत विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात दोन दिवस अवकाळी पाऊस झाल्याचं बातम्यांत आलं. संत्र्यांचं काय झालं असेल असा विचार करत होतो, तेवढ्यात दुपारी फोनवर निरोप आला. कल्पनाताईंचा, दोनच ओळी.

'सर, सकाळपासून पाऊस आहे. गाडीनेच शाळेत आले, आईला वाटेत दवाखान्यात सोडून. आई रस्ताभर वांगी महाग झाली म्हणून बोलत होती.'